पायक्यूटी५ वरून पायसाइड६ वर नेलं, एरर काही नाही पण गोष्टी गुपचूप बंद पडल्यात, कोणी गेलंय का या वाटेने?

खिडकीवाला

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलाय, आधीच माफी मागतो.

आमचं एक डेस्कटॉप अ‍ॅप आहे. मोजमापाच्या यंत्रांकडून रीडिंग घ्यायचं, टेबलात दाखवायचं, ग्राफ काढायचा, रिपोर्ट सेव्ह करायचा, एवढंच. पायथॉनमध्ये, पायक्यूटी५ वर (खिडक्या-बटणं काढणारी क्यूटी ही सी++ लायब्ररी पायथॉनमधून वापरू देणारं बाइंडिंग). साधारण ३८ हजार ओळी, डिझायनरमध्ये काढलेल्या यूआय फाइल्स साठच्या वर, आणि टेस्ट म्हणाल तर नावापुरत्या. मूळ लिहिणारे दोघंही आता टीममध्ये नाहीत, कोड वारशाने माझ्याकडे आलाय. इतके दिवस अ‍ॅप आमचं आम्हीच वापरत होतो, आता ते बाहेर ग्राहकांना द्यायचं ठरलंय, सोर्स न देता. पायक्यूटी जीपीएल आहे (बाहेर द्यायचं तर आपलाही सोर्स द्यावा लागतो) म्हणून वरून हुकूम आला की पायसाइड६ या दुसऱ्या बाइंडिंगवर न्या, ते एलजीपीएल आहे, नावंच तर बदलायचीत, आठवड्याचं काम. मीही मान डोलावली, तिथेच फसलो.

नावं खरंच आठवड्यात बदलून झाली. पायक्यूटीसिग्नलचं सिग्नल, पायक्यूटीस्लॉटचं स्लॉट, पायक्यूटीप्रॉपर्टीचं प्रॉपर्टी, सगळे इम्पोर्ट, एग्झेकच्या मागचा अंडरस्कोर काढला, क्यूअ‍ॅक्शन आणि क्यूशॉर्टकट विजेट्समधून उचलून क्यूटीगुईमध्ये टाकले, क्यूरेगएक्सपीच्या जागी क्यूरेग्युलरएक्सप्रेशन, क्यूडेस्कटॉपविजेट गेलंय म्हणून स्क्रीनचा साइज क्यूस्क्रीनकडून, फॉन्ट मेट्रिक्सच्या विड्थऐवजी हॉरिझॉन्टलअ‍ॅडव्हान्स वगैरे वगैरे. या सगळ्यात बरं एवढंच की जिथे चुकलं तिथे लगेच ट्रेसबॅक (एरर कुठल्या ओळीत आला ते सांगणारा मजकूर) यायचा, दुरुस्त करायचं, पुढे जायचं.

आता अ‍ॅप चालू होतं, खिडक्या उघडतात, आणि खरी रड इथून सुरू झालीय:

पहिलं, सेटिंगच्या खिडकीतले चेकबॉक्स. टिक केलं तरी प्रोग्रॅम समजतो की टिक नाहीये. एरर नाही, काही नाही.

दुसरं, रिपोर्ट सेव्हचं बटण. दाबलं की काहीच होत नाही. अ‍ॅप पडतही नाही, फाइलही बनत नाही. जुन्या व्हर्जनला काही बिनसलं की अ‍ॅप धाडकन बंद तरी व्हायचं.

तिसरं, काही डायलॉग उघडल्यावर मध्येच रनटाइमएरर, इंटर्नल सी++ ऑब्जेक्ट ऑलरेडी डिलीटेड. कधी येतो कधी येत नाही. यूआय फाइल लोड करायला जुन्या कोडमध्ये लोडयूआय होतं, ते पायसाइडमध्ये तसं नाहीये म्हणून मी क्यूयूआयलोडर वापरून स्वतःचं एक फंक्शन लिहिलंय, त्याचा काही संबंध असेल का?

चौथं, ज्यांच्याकडे जुनं अ‍ॅप होतं त्यांच्या मशीनवर नवीन टाकलं की त्यांच्या काही सेटिंग्ज गायब. सगळ्या नाही, काहीच. खिडकीचा साइज आठवतो त्याला, पण चॅनेलची रचना विसरतो.

ट्रेसबॅक असता तर मी इथे आलोच नसतो, काय शोधायचं हेच कळत नाहीये.

---

पोपटी टर्मिनल

चेकबॉक्सचं मी सांगतो कारण त्यात मी स्वतः दोन दिवस घालवलेत.

तुमच्या कोडमध्ये स्टेटचेंज्ड सिग्नलला (टिक बदलली की क्यूटी देतं त्या इशाऱ्याला) जोडलेलं एक फंक्शन असणार आणि त्यात स्टेट बरोबर क्यूटी डॉट चेक्ड अशी तुलना असणार. बरोबर ना? त्या सिग्नलमधून येतो साधा इंट, म्हणजे टिक असेल तर २. पायक्यूटी५ मध्ये क्यूटी डॉट चेक्ड हाही पोटातून इंटच होता त्यामुळे २ बरोबर २ जमून जायचं. पायसाइड ६.४ पासून सगळे एनम (नावं दिलेल्या ठरावीक किमतींच्या याद्या) पायथॉनचे खरेखुरे एनम झालेत. आणि पायथॉनचा साधा एनम इंटशी ताडून बघितला तर तो भांडत नाही, तक्रार करत नाही, शांतपणे फॉल्स म्हणतो. म्हणून एरर नाही.

उपाय दोन. टिक आहे किंवा नाही एवढंच हवं असेल, तो अर्धवट तिसरा प्रकार नको असेल, तर स्टेटचेंज्ड सोडा आणि टॉगल्ड सिग्नल घ्या, तो सरळ ट्रू फॉल्स देतो. तिन्ही अवस्था हव्या असतील तर आलेला इंट आधी क्यूटी डॉट चेकस्टेटमध्ये गुंडाळा आणि मग तुलना करा. ६.७ मध्ये चेकस्टेटचेंज्ड नावाचा नवा सिग्नलही आलाय, तो एनमच देतो.

आणि हो, फक्त चेकबॉक्स बघून थांबू नका. टेबलात चेकबॉक्सचा कॉलम असेल तर मॉडेलच्या सेटडेटामध्येही हाच सापळा आहे, तिथेही व्हॅल्यू इंट म्हणून येते.

सगळ्यात चीड आणणारा भाग म्हणजे सगळे एनम असे नाहीत! क्यूटी डॉट की आणि आयटमडेटारोल हे इंटएनम (आकड्यासारखेच वागणारे) ठेवलेत, म्हणून कीबोर्डचे शॉर्टकट चालतात, यूझररोल अधिक १ पण चालतं. तुम्ही दोन ठिकाणी तपासता, दोन्हीकडे चालतं, आणि तुम्हाला वाटतं एनमचं प्रकरण मिटलं. मिटलेलं नसतं.

एनमला इंट करणारे कॉलही शोधा. साध्या एनमला इंट लावलं तर टाइपएरर येतो, तिथे डॉट व्हॅल्यू लागतं. फॉन्टचं वजन आकड्यात दिलं असेल तर तेही बघून घ्या, क्यूटी५ मध्ये बोल्ड म्हणजे ७५ होतं, क्यूटी६ मध्ये ती पट्टीच बदललीय, बोल्ड ७०० आहे.

---

सेगफॉल्टसम्राट

टर्मिनलने चेकबॉक्सचं छान सांगितलं, आणि शेवटी जे लिहिलंय ना, इंट लावलं तर टाइपएरर, तेच तुमच्या सेव्ह बटणाचं उत्तर असण्याची दाट शक्यता आहे. तुम्ही म्हणाल मग एरर दिसला का नाही. ऐका.

पायक्यूटी ५.५ पासून नियम असा आहे की स्लॉटमध्ये (सिग्नलला जोडलेल्या फंक्शनमध्ये) एखादं एक्सेप्शन कोणी पकडलं नाही तर पायक्यूटी क्यूफेटल बोलावतं, म्हणजे अख्खं अ‍ॅप तिथल्या तिथे आडवं. तुमचं जुनं अ‍ॅप धाडकन बंद व्हायचं ते यामुळे. पायसाइड असं करत नाही. ते ट्रेसबॅक एसटीडीएररवर (एरर छापायच्या कन्सोलच्या वाटेवर) छापतं आणि काही झालंच नाही अशा थाटात इव्हेंट लूप पुढे चालू ठेवतं. आता तुम्ही बहुतेक पायइन्स्टॉलरने (पायथॉन अ‍ॅपची एक्झी बनवणारं साधन) बिनकन्सोलची एक्झी बनवून तपासताय, तिथे एसटीडीएरर नन असतो. ट्रेसबॅक छापला कुठे? कुठेच नाही. बटण दाबलं, एक्सेप्शन आलं, हवेत विरलं.

पायसाइडची बाजू घ्यायची तर एका बटणात गडबड झाली म्हणून अख्खं अ‍ॅप मारणं हेही काही फार शहाणपणाचं नाही. पण मोजमापाच्या अ‍ॅपमध्ये सेव्ह झालं नाही आणि कळलंही नाही यापेक्षा मला ते आडवं होणं परवडतं, हे माझं मत.

तर आत्ताच्या आत्ता, बाकी काही करण्याआधी, सिस डॉट एक्सेप्टहुकला स्वतःचं फंक्शन लावा. त्यात ट्रेसबॅक लॉग फाइलमध्ये लिहा आणि वापरणाऱ्याला एक मेसेज बॉक्स दाखवा. पायसाइड त्या हुकला मान देतं. आणि हे लावून झाल्यावर अ‍ॅप घेऊन सगळी बटणं दाबत बसा. मी पैज लावतो, तुम्हाला सेव्हशिवाय अजून चारपाच मुकी बटणं सापडतील.

दुसरी गोष्ट, कोणी विचारली नाही पण सांगतो. जुन्या कोडमध्ये सिपचं (पायक्यूटीला सी++ शी जोडणारा भाग, पायसाइडमध्ये तेच काम शिबोकेन करतं) इझडिलीटेड कुठे वापरलंय का बघा. पायसाइडमध्ये त्याच्या जागी शिबोकेन६ चं इझव्हॅलिड आहे, आणि त्याचा अर्थ बरोब्बर उलटा आहे. एक विचारतं मेलं का, दुसरं विचारतं जिवंत आहे का. मी महाशयांनी फाइंड रिप्लेस मारून फक्त नाव बदललं आणि नॉट लावायला विसरलो. परिणाम असा की जिवंत विजेट असेल तर कोड त्याला हात लावायचा नाही आणि मेलेलं असेल तर मात्र धावत जाऊन त्यालाच मिठी मारायचा. माझं इथलं नाव तेव्हापासून आहे.

---

खिडकीवाला

सम्राट, पैज जिंकलात. हुक लावला आणि अक्षरशः पाऊस पडला.

सेव्हमध्ये टेबलाची सॉर्ट ऑर्डर रिपोर्टबरोबर साठवायला तिला इंट लावलं होतं, तिथे टाइपएरर, आणि पुढचा फाइल लिहिण्याचा भाग चालायचाच नाही. मुकी बटणं एकूण सात निघाली. इझडिलीटेड चार ठिकाणी आहे, अजून मी त्याला हात लावला नव्हता, देव पावला.

चेकबॉक्स सगळे टॉगल्डवर नेले, चालतायत.

लोडयूआय आणि सेटिंग्ज राहिलं. आणि लायसन्सबद्दल कोणी जाणकार असेल तर तेही सांगा, कारण आमच्याकडे सगळे एलजीपीएल म्हणजे फुकट आणि मोकळं असं धरून चाललेत आणि मला जरा धाकधूक वाटतेय.

---

रात्रपाळी

लोडयूआयचं मी घेते.

पायक्यूटीचं लोडयूआय काय करायचं, तर फाइल आणि सेल्फ द्यायचं आणि ते सगळी पिल्लं त्या सेल्फमध्येच उभी करायचं. म्हणून सेल्फ डॉट सेव्हबटण असं लगेच मिळायचं. पायसाइडचा क्यूयूआयलोडर तसं करत नाही, तो एक नवंच विजेट बनवून हातात देतो. तुमच्या त्या फंक्शनमध्ये तुम्ही हे नवं विजेट एका लोकल व्हेरिएबलमध्ये घेतलंय, त्याची पिल्लं शोधून सेल्फवर चिकटवलीत आणि फंक्शन संपलं, असंच ना? फंक्शन संपलं की त्या मूळ विजेटला धरून ठेवणारं पायथॉनमध्ये कोणी उरत नाही, त्याला आईबाप नाही, म्हणून ते जातं, आणि क्यूटीच्या नियमाने आई गेली की पिल्लंही जातात. तुमच्या सेल्फवर उरतात ती नुसती पायथॉनची टरफलं. त्यांना हात लावला की तो रनटाइमएरर. (पायक्यूटीत याच गोष्टीचा मेसेज वेगळा होता, रॅप्ड सी++ ऑब्जेक्ट हॅज बीन डिलीटेड असा काहीतरी, म्हणून जुने धागे शोधले तर सापडत नाही.)

कधी येतो कधी नाही याचं कारण बहुतेक असं असेल की काही डायलॉगमध्ये तुम्ही ते लोड केलेलं विजेट कुठल्यातरी लेआउटमध्ये टाकलं असणार, तिथे त्याला आई मिळाली आणि ते वाचलं.

तात्पुरतं थांबवायचं तर ते मूळ विजेट सेल्फवर धरून ठेवा आणि लेआउटमध्ये घाला. पण माझं ऐकाल तर लोडरचा नादच सोडा. साठ फाइल्स आहेत ना, सगळ्या पायसाइड६ च्या यूआयसीमधून (यूआय फाइलचा पायथॉन कोड बनवणारं साधन) काढून पायथॉनच्या फाइल्स बनवा, बिल्ड स्क्रिप्टमध्ये एक पायरी वाढवा आणि प्रत्येक क्लासात सेटअपयूआय सेल्फ लिहा. काम कंटाळवाणं आहे, मी गाणी ऐकत दोन बैठकीत संपवलं होतं. फायदा असा की विजेटचं नाव चुकलं तर एडिटरच सांगतो, आणि प्रमोट केलेली स्वतःची विजेट्स असतील तर लोडरमध्ये ती वेगळी रजिस्टर करावी लागतात ती कटकटही जाते. आयकॉनसाठी पायआरसीसी५ वापरत असाल तर त्याच्या जागी पायसाइड६ चं आरसीसी आहे, त्या फाइल्सही परत बनवा, जुन्या आत पायक्यूटी५ इम्पोर्ट करतात.

हो आणि एक, जुन्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पायक्यूटी५ अजून पडून आहे का? असेल तर आधी काढून टाका. ग्राफसाठी पायक्यूटीग्राफ किंवा मॅटप्लॉटलिब वापरत असाल तर ती मंडळी जे मिळेल ते बाइंडिंग उचलतात. दोन्ही बाइंडिंग एकाच प्रोसेसमध्ये आली की एकाचं विजेट दुसऱ्याच्या लेआउटला चालत नाही आणि अ‍ॅडविजेटला चुकीचा टाइप दिला म्हणून एरर येतो, दिसायला दोन्हीकडे नाव क्यूविजेटच, माणूस वेडा होतो. मॅटप्लॉटलिबमध्ये क्यूटी५एजीजी असं लिहिलेलं असेल तर क्यूटीएजीजी करा, ३.५ पासून ते क्यूटी६ सांभाळतं.

---

आळशी लूप

मला कळत नाही सगळे एवढा त्रास का घेतात, क्यूटीपाय नावाची लायब्ररी आहे, स्पायडरवाल्यांची, ती मध्ये टाका आणि क्यूटी_एपीआय हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदललं की कुठलंही बाइंडिंग चालतं. काम तमाम.

---

पोपटी टर्मिनल

लूप, क्यूटीपाय चांगलंच आहे, पण ते कोणासाठी, तर ज्यांची लायब्ररी लोक चार वेगवेगळ्या बाइंडिंगवर वापरणार त्यांच्यासाठी. यांना एकाच ठिकाणी जायचंय आणि तिथेच राहायचंय. क्यूटीपाय नावं जुळवून देतं, पण एक्सेप्शन आल्यावर अ‍ॅप मरायचं की नाही हे ते कसं ठरवणार? ते सिप आणि शिबोकेन यांच्या स्वभावातलं अंतर आहे. वरच्या चार प्रश्नांतला फार तर लोडयूआयचा क्यूटीपायने सुटला असता, कारण त्यात पायसाइडसाठी स्वतःचं लोडयूआय आहे, बाकी तीन नाही, माझ्या मते.

हां, एका गोष्टीला ते उपयोगी पडतं. एकदम उडी न मारता हळूहळू जायचं असेल तर आधी पायक्यूटी५ वरच राहून सगळे इम्पोर्ट क्यूटीपायमधून घ्यायचे, अ‍ॅप चालू ठेवायचं, रिलीज करत राहायचं, आणि मग एक दिवस व्हेरिएबल बदलायचं. यांची ती वेळ निघून गेलीय.

---

सेगफॉल्टसम्राट

वेळ निघून गेलेली असली तरी पुढे कोणी हा धागा वाचेल त्याच्यासाठी लिहितो. एका वेळी एकच गोष्ट बदला. खिडकीवाल्यांनी दोन गोष्टी एकदम बदलल्यात, बाइंडिंग पण आणि क्यूटी ५ चं ६ पण, आता काही तुटलं की कशाने तुटलं ते कळत नाही.

मी आधी पायक्यूटी६ वर गेलो होतो आणि तिथून पायसाइड६ वर. लोक हसले मला, पण पायक्यूटी६ एनमच्या बाबतीत कडक आहे, क्यूटी डॉट अलाइनसेंटर असं तोकडं नाव लिहिलं तर सरळ अ‍ॅट्रिब्यूटएरर, पूर्ण नाव अलाइनमेंटफ्लॅगसकट लिहावंच लागतं. पायसाइड तोकडी नावं पोटात घालतं. म्हणून पायक्यूटी६ मध्ये सगळा एनमचा कचरा वर येतो, तोही जुन्याच सिपच्या स्वभावात, म्हणजे एक्सेप्शन आलं की अ‍ॅप आडवं, लपायला जागाच नाही.

---

जुनी फांदी

सम्राटशी मी अर्धा सहमत. कडकपणाचा फायदा खरा, पण ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच अ‍ॅट्रिब्यूटएरर येतो, आणि यांच्याकडे टेस्ट नाहीत. त्यापेक्षा टाइप चेकर चालवला तर तोकडी नावं बसल्याजागी सापडतात, त्यासाठी मध्ये एक मुक्काम कशाला. दुसरा रस्ता, म्हणजे पायसाइड२ वरून, तो तर आता सुचवूच नका कोणी, त्याच्या तयार व्हील्स (इन्स्टॉल करायची पॅकेजेस) पायथॉन ३.१० पर्यंतच आहेत.

आता लायसन्स. मी वकील नाही, पण हे आम्ही एकदा व्यवस्थित तपासून घेतलं होतं म्हणून सांगतो.

थोडा इतिहास, कारण त्यातून दोन दोन बाइंडिंग का हे कळतं. पायक्यूटी १९९८ पासून आहे, रिव्हरबँक कंप्युटिंगचं, जीपीएल नाहीतर पैसे भरून कमर्शियल. नोकियाने २००८ मध्ये ट्रोलटेक घेतली, क्यूटी ४.५ ला २००९ मध्ये एलजीपीएल आलं, आणि नोकियाला पायथॉनचं बाइंडिंगही एलजीपीएलमध्ये हवं होतं. रिव्हरबँकशी ते जमलं नाही म्हणून त्यांनी २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वतःचं काढलं, तेच पायसाइड. म्हणजे पायसाइडचा जन्मच लायसन्सच्या वादातून झालाय. पुढे क्यूटी कंपनीने ते क्यूटी फॉर पायथॉन म्हणून हातात घेतलं आणि पायसाइड६ आलं २०२० च्या डिसेंबरमध्ये, क्यूटी ६.० बरोबरच.

आता तुमच्या कामाचं. आतापर्यंत घरातल्या घरात वापरत होतात तेव्हा जीपीएलची अडचण नव्हती, जीपीएलच्या अटी बाहेर वाटलं की लागू होतात. एलजीपीएलमध्ये तुमचा सोर्स द्यावा लागत नाही, पण मोकळं रान नाही. लायसन्सची प्रत आणि सूचना अ‍ॅपबरोबर द्यायची, आणि वापरणाऱ्याला क्यूटीच्या लायब्ररी बदलून स्वतःच्या घालता आल्या पाहिजेत. म्हणून आम्ही पायइन्स्टॉलरची एकच एक्झी करणं सोडलं आणि फोल्डरवाला प्रकार घेतला, त्यात डीएलएल फाइल्स सुट्या दिसतात, वाद कमी.

आणि हा खरा खड्डा: तुम्ही ग्राफ कशात काढता? क्यूटी चार्ट्समध्ये असेल तर थांबा. क्यूटीमधले सगळे मॉड्यूल एलजीपीएल नाहीत, चार्ट्स आणि डेटा व्हिज्युअलायझेशन हे ओपन सोर्समध्ये जीपीएल३ च आहेत. म्हणजे एवढा घाट घालून पायसाइडवर आलात आणि एका खिडकीत चार्ट्स राहिलं तर जिथून निघालात तिथेच परत. पायसाइड६ इन्स्टॉल करताना सगळंच येतं म्हणून कळतही नाही. आम्ही फक्त इसेन्शियल्सचं पॅकेज टाकतो, अ‍ॅडऑन्स टाकतच नाही, चार्ट्स त्या अ‍ॅडऑन्समध्ये आहे, म्हणजे चुकून कोणी इम्पोर्ट केलं तरी चालणारच नाही. वर इन्स्टॉलरचा साइजही उतरतो.

---

खिडकीवाला

फांदी, तुमचं वाचून पोटात गोळा आला. आत्ता शोधलं, ट्रेंडच्या खिडकीत चार्ट्स आहे. बाकी सगळीकडे पायक्यूटीग्राफ आहे, एक ती खिडकीच कोणीतरी हौसेने चार्ट्समध्ये केलीय. पायक्यूटीग्राफ एमआयटी आहे ना, मग तिथेच नेतो तीही.

राहिली सेटिंग्ज. आयएनआय फाइल उघडून बघितली. ज्या गायब होतात त्यांच्यासमोर अ‍ॅट व्हेरिएंट आणि कंसात कचऱ्यासारखी अक्षरं आहेत, त्यात मध्येच पायक्यूटी_पायऑब्जेक्ट असं वाचता येतं. हे काय आहे?

---

रात्रपाळी

अरेरे. हे म्हणजे जुन्या घराची किल्ली जुन्या घरातच राहिली असा प्रकार.

क्यूसेटिंग्जमध्ये (सेटिंग्ज साठवायची क्यूटीची सोय) स्ट्रिंग, आकडा, बाइटअ‍ॅरे असं काही टाकलं तर ते क्यूटीला कळतं, म्हणून तुमचा खिडकीचा साइज वाचला, तो बाइटअ‍ॅरे असतो. स्ट्रिंगच्याच किल्ल्या असलेली साधी डिक्शनरीही चालून जाते. पण टपल, आकड्याच्या किल्ल्यांची डिक्शनरी, स्वतःच्या क्लासचं ऑब्जेक्ट असं काही दिलं की पायक्यूटी ते पिकल करून (पायथॉनच्या खास बायनरी रूपात गोठवून) पायक्यूटी_पायऑब्जेक्ट नावाच्या वेष्टणात घालतं आणि तेच फाइलमध्ये जातं. हे वेष्टण फक्त पायक्यूटीलाच उघडता येतं. पायसाइडच्या दृष्टीने तो अनोळखी टाइप, कन्सोल चालू असेल तर क्यूव्हेरिएंट लोड अननोन यूझर टाइप असं काहीतरी दिसेलही, आणि तुम्हाला मिळतं रिकामं, मग तुमचा कोड डीफॉल्ट घेतो आणि वरून तेच परत सेव्ह करतो. म्हणजे जुनी फाइलपण गेली! त्यामुळे नव्या व्हर्जनने जुनी फाइल लिहायची नाही, वेगळ्या नावाची फाइल घ्या, हे आजच करा.

मी काय केलं होतं ते सांगते. जुन्या पायक्यूटी५ च्या अ‍ॅपचं एक शेवटचं रिलीज काढलं, त्यात एकच नवी गोष्ट, सुरू होताना सगळ्या सेटिंग्ज वाचून जेसनमध्ये लिहून ठेवायच्या. लोकांनी ते महिनाभर वापरलं. मग नवं अ‍ॅप आलं ते जेसन वाचतं. जे लोक ते मधलं रिलीज न घेता थेट नव्यावर येतील त्यांच्यासाठी एक छोटं वेगळं कन्व्हर्टर, पायक्यूटी५ सकट, पण ते तुमच्या ग्राहकांना द्यायचं नसेल तर प्रश्नच नाही, तुमचे जुने वापरणारे घरचेच आहेत ना.

---

खिडकीवाला

घरचेच आहेत, चाळीसेक मशीन, मधलं रिलीज काढतो. चॅनेलची रचना नेमकी चॅनेल नंबरच्या डिक्शनरीत आहे, म्हणजे आकड्यांच्या किल्ल्या. एकदम बरोबर पकडलंत ताई.

जेसनमध्ये टाकताना किल्ल्या स्ट्रिंग होतील, परत वाचताना इंट कराव्या लागतील, हे माझं मीच लिहून ठेवतो नाहीतर उद्या इथेच नवीन प्रश्न घेऊन येईन.

---

सेगफॉल्टसम्राट

जाता जाता अजून दोन.

एक, प्रोग्रेससाठी सिग्नल इंटचा असेल आणि त्यातून बाइट्सचा आकडा जात असेल तर तो इंट सी++ चा आहे, २१४७४८३६४७ च्या वर गेला की गडबड. हे पायक्यूटीतही होतं, पण पायसाइड ओव्हरफ्लोची बोंब मारतं म्हणून लोकांना वाटतं नवीन बग आला. सिग्नल ऑब्जेक्टचा करा, विषय संपला.

दोन, डिस्कनेक्टभोवती ट्राय आणि एक्सेप्ट टाइपएरर असं लिहिलेलं असेल ना, जोडलेलंच नसेल तर गप्प बसावं म्हणून? टाइपएरर पायक्यूटी देतं. पायसाइडमध्ये कुठल्या व्हर्जनला रनटाइमएरर, नव्या व्हर्जन्समध्ये नुसती वॉर्निंग. शोधून बघा.

---

खिडकीवाला

शोधलं. अकरा ठिकाणी आहे, आणि त्यातली तीन त्या सात मुक्या बटणांच्या फंक्शनमध्येच. बसतो आता.

वरून विचारणा आलीच आहे, आठवडा झाला, किती राहिलं म्हणून. हा धागा प्रिंट काढून देऊ का विचार करतोय.